खिळ्यांच्या सावलीत

मुलुंडच्या आमच्या घरात लोखंड किती आहे हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. एका रविवारी दुपारी ते पाच मिनिटांत कळलं.

हॉलमधलं टीपॉय भिंतीला सरकवलं होतं. मधोमध प्लास्टिकचं स्टूल, त्यावर आडवा ठेवलेला पिवळा मेटल डिटेक्टर, त्याची पुरणपोळीच्या तव्यापेक्षाही मोठी कॉइल, म्हणजे धातू हुडकणारं तारेचं गोल वेटोळं, बाल्कनीकडे तोंड करून. समोर लांब लाकडी पट्टी आणि पट्टीवर चिकटपट्टीने बसवलेला आजीचा राणीछाप रुपया. हा रुपया एरवी वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला ताम्हनात येतो. बेत असा होता की रुपया हळूहळू कॉइलपासून लांब न्यायचा, बीप बंद पडला की अंतर वाचायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्त होईपर्यंत मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम केलं. मायक्रोमीटर, गेज आणि ‘पुन्हा मोज’ यांत आयुष्य गेलं. एका कामाच्या दोन वस्तू समोर आल्या की त्यातली सरस कोणती हे ठरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे तर तीन होत्या.

पिवळा मेव्हण्याने परदेशातून परतताना आणला आणि कंटाळून माझ्याकडे टाकला. त्याला आधीच्या मालकाने ३८ सेंटिमीटरची मोठी कॉइल लावली होती. काळा एका मित्राचा, महिन्याच्या बोलीवर आणलेला, कॉइल लहान, २३ सेंटिमीटरची. तिसऱ्याला नाव नाही, आम्ही त्याला ‘घरचा’ म्हणतो. भाच्याने तो डिप्लोमाला असताना बनवला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, पीव्हीसी पाइपचा दांडा केला आणि प्लास्टिकच्या झाकणाच्या कडेने इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे पंचवीस वेढे दिले. आवाज एकच, डबा वाजल्यासारखा.

पिवळा चालू केला आणि तो थांबेचना. रुपया समोर नसतानाही बीप. फ्रिज बंद केला. मग टीव्हीचा प्लग काढला, वायफायचा डबा, इन्व्हर्टर. आवाज कमी झाला, गेला नाही. कॉइल जरा खाली कलली की वेगळाच सूर लागायचा, तो लादीखालच्या स्लॅबमधल्या सळ्यांचा. भिंतीकडे वळवावी तर कोपऱ्यात कॉलम. थोड्या वेळाने लक्षात आलं की दर दीड-दोन मिनिटांनी एक लांब किंकाळी येते आणि त्याच सुमारास जिन्यापलीकडे लिफ्टचं दार वाजतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. “अहो, हे सोनं शोधतं की लिफ्ट?”

मी सगळा संसार आतल्या खोलीत पलंगावर नेला. तिथे आणखी वाईट. गादी स्प्रिंगची, खाली लोखंडी सांगाड्याचा बॉक्स-बेड, त्यात पाहुण्यांची स्टीलची भांडी. पलंगावर बसल्या बसल्या मला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आठवला. टेलिफोनवाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. गोळी पाठीत कुठे रुतली हे डॉक्टरांना सापडेना. बेलने दोन कॉइलींचं एक यंत्र जुळवलं आणि ते घेऊन तो व्हाइट हाउसमध्ये गेला. प्रयोगशाळेत चोख चालणारं यंत्र आजाऱ्याच्या पलंगावर गोंधळलं. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या असं सांगतात. शिवाय मुख्य डॉक्टरने गोळी उजवीकडेच आहे असं ठरवून टाकलं होतं आणि बेलला तेवढ्याच बाजूला शोधू दिलं. गोळी डावीकडे निघाली, तीही १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेल्यानंतर. माझ्या वहीत त्या रविवारी फक्त तारीख लिहिली गेली.

पुढच्या आठवड्यात भाच्याच्या हट्टाने गिरगाव चौपाटीला गेलो. तिथलं फार सांगण्यासारखं नाही. कोरड्या वाळूत बरं चाललं. ओल्या वाळूत पाय ठेवताच पिवळा आणि काळा दोघेही बरळायला लागले, कारण मिठाचं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि मशीनला तो सगळा किनारा एक मोठा पातळ पत्रा वाटतो. घरचा मात्र शांत. त्याची रीत निराळी. तो सतत लाटा सोडत नाही. एक झटका देतो, थांबतो आणि उरलेला प्रतिध्वनी ऐकतो. त्या झटक्याने मिठाच्या पाण्यात उठलेला विजेचा प्रवाह लगेच विरतो, धातूतला रेंगाळतो, म्हणून थोडं उशिरा कान दिला की समुद्र गप्प आणि धातू बोलका. भाच्याची छाती फुगली. तेवढ्यात एक दहा-बारा वर्षांचा मुलगा दोरीला स्पीकरचं चुंबक बांधून वाळूतून ओढत आमच्या शेजारून गेला. चुंबकाला काळ्या वाळूची दाढी आणि त्या दाढीत एक रुपयाची तीन नाणी.

“मामा, हे बरंय की!” भाचा म्हणाला.

बरंच आहे. आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा, तोही चुंबकाला धरणारा. राणीच्या चांदीच्या रुपयाला त्या पोराच्या चुंबकाने हात लावला नसता. मशीनची तऱ्हा नेमकी उलटी. ‘लोखंड नको’ अशी खूण पिवळ्याला दिली की आजचा रुपया त्याच्या समोर धरला तरी तो ढिम्म, आणि काळ्याच्या पडद्यावर त्याच रुपयाचा आकडा उंदरासारखा इकडून तिकडे पळतो.

मग आठवण झाली ती गिरगावातल्या आजीच्या खोलीची.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे. सह्या झाल्या, महिनाअखेर ताबा द्यायचा. खोली पागडीची, पावती चुलत भावाच्या नावावर. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं उठली आहेत आणि आमच्या खोलीचा विजेचा मीटरही गेला आहे. म्हणजे फ्रिज नाही, वायफाय नाही, लिफ्टचा तर प्रश्नच नाही. मुख्य म्हणजे स्लॅब नाही. सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काका नोकरीला लागले तेव्हा अंथरलेलं लिनोलियम. मुंबईत सळ्यांची जाळी पायाखाली नसलेली जागा आता शोधावी लागते, आणि ही तर आणखी वीस दिवसच राहणार होती.

तिन्ही मशीनं एका लांब बॅगेत घालून आम्ही निघालो. वाटेत एका स्टेशनात ती मेटल डिटेक्टरची चौकट लागली. तीन मेटल डिटेक्टर खांद्यावर घेऊन मी मेटल डिटेक्टरमधून गेलो. चौकट वाजली. माझ्या पुढच्या माणसालाही ती वाजली होती, मागच्या बाईंच्या पिशवीतल्या कुकरलाही वाजली. कुणी मान वर केली नाही.

खोलीत पिवळा चालू केला आणि पहिल्यांदाच तो गप्प बसला. दुपारच्या चाळीत, वामकुक्षीच्या वेळी जशी शांतता असायची तशी. खोलीच्या मधोमध, जमिनीपासून चांगलं कंबरेएवढं उंच, दोन लाकडी घडवंच्यांवर आम्ही मांडामांड केली आणि तासभरात पाच-पाच वेळा मोजून आकडे घेतले. राणीछाप रुपया पिवळ्याला ३६ सेंटिमीटरवर ऐकू आला, काळ्याला २९ वर, घरच्याला २४ वर.

पिवळा जिंकला म्हणायला हरकत नव्हती. पण जाहिरातींत ‘दुप्पट ताकद, दुप्पट खोली’ वगैरे लिहितात त्याचा हिशेब या निमित्ताने भाच्याला वहीत मांडून दाखवला. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने विरळ होतं. नाण्यात उठलेल्या प्रवाहाचं उलट येणारं उत्तरही तसंच, तिसऱ्या घाताने. जाता तीन, येता तीन, एकूण सहा. कॉइलच्या जवळपास हा नियम थोडा सौम्य असतो, पण लांब गेलं की अंतर दुप्पट करायला चौसष्टपट कान लागतो. ताकद दुप्पट केली तर पदरात पडतात दोन-चार सेंटिमीटर. मोठी कॉइल हा त्यातल्या त्यात खरा मार्ग, कारण तिचं क्षेत्रच लांबवर पोचतं. पिवळ्याची मर्दुमकी त्या ३८ सेंटिमीटरच्या कॉइलची होती, बाकी डब्याची फारशी नव्हती.

आवाज ऐकून शेजारच्या काकू आल्या. मागोमाग गॅलरीतल्या आरामखुर्चीतून उठून अण्णा. बिऱ्हाडं निम्मी झाली तरी चाळ ती चाळच.

“सोनं कळतं का रे याला?” काकूंनी अंगठी काढून पट्टीवर ठेवली सुद्धा.

काळ्याला पडदा आहे, तो धातूगणिक शून्य ते नव्व्याण्णवमधला एक आकडा दाखवतो. राणीछाप रुपयाला त्याने ८४ दिले होते, गंजक्या खिळ्याला ९. अंगठीला ४७ दिले. काकूंचा चेहरा जरा खुलला. तेवढ्यात भाच्याने, आगाऊ कार्टं, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घडी घालून कॉइलसमोर धरली. ४७.

“म्हणजे माझी अंगठी पत्र्याची?”

पुढची पंधरा मिनिटं मी जे बोललो ते मला तपासणी विभागात कुठल्या साहेबाला पटवताना बोलावं लागलं नव्हतं. मशीनला धातू दिसतच नाही. मशीनला दिसतो तो धातूत उठलेला प्रवाह, तो किती मागे रेंगाळतो ते. जाड, मोठ्या, चांगल्या वाहकात तो बराच रेंगाळतो, आकडा वर चढतो. लहान, पातळ वस्तूत लगेच संपतो, आकडा खाली राहतो. सोनं उत्तम वाहक, पण अंगठीएवढंच, त्यात तांब्याची मिसळ. अॅल्युमिनियमची घडी तिच्या बरोबरीला येऊन बसते. गंमत अशी की काकूंची अंगठी २२ कॅरटची, म्हणजे बारातले अकरा भाग सोनं, आणि राणीच्या रुपयातही बारातले अकरा भागच चांदी. कस एक, मशीनचे गुण ४७ आणि ८४. सोन्याला मशीनच्या यादीत स्वतःची जागाच नाही. ते फॉइल, डब्यांची कानं आणि बाटल्यांची बुचं यांच्याच रांगेत उभं असतं. म्हणून चौपाटीवर सोनं शोधणाऱ्याला कचरा उपसावा लागतो आणि कचरा नको म्हणणाऱ्याचं सोनंही हुकतं.

“सोनाराकडचा कसोटीचा दगड बरा म्हणायचा,” अण्णा म्हणाले. ते बरोबरच होतं.

काकू इरेला पेटल्या होत्या. त्यांनी गळ्यातली सोनसाखळी काढली. दीड तोळ्याची, अंगठीच्या तिप्पट तरी सोनं. कॉइलसमोर धरली तर काळा जवळजवळ गप्पच, फक्त फाशापाशी एक पुसट चिवचिव. याचं कारण मला ठाऊक होतं, तरी पहिल्यांदा पाहताना नवल वाटलंच. प्रवाहाला गोल फिरायला सलग वाट लागते. साखळीतली कडी म्हणजे इवलंसं वेगळं वर्तुळ, एका कडीतून दुसरीत जाताना नुसता टेकण्यापुरता स्पर्श. शंभर कड्या म्हणजे शंभर क्षुल्लक वस्तू, एक मोठी वस्तू नव्हे. कापलेली बांगडी अशीच जवळपास अदृश्य होते. अखंड बांगडी मात्र ओरडते.

“याला दिसत नाही,” साखळी गळ्यात घालत काकू म्हणाल्या, “लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला बरोब्बर दिसते.”

अण्णांच्या मनात वेगळंच चाललं होतं. ते नव्वदीला टेकले आहेत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ते अगदी लहान होते. दिवाळीच्या फराळासारखी ती गोष्ट त्यांच्याकडून दरवर्षी ऐकली आहे. कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकाच जहाजात, आग लागली आणि दोन प्रचंड स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. सोन्याची एक वीट उडून दूर एका घराचं छप्पर फोडून आत पडली, हे खरंच घडलेलं आहे. अण्णांच्या मते एक आमच्या चाळीतही पडली असणार. “बघ ना जरा फिरवून.”

मी सांगितलं की ती वीट साडेबारा किलोची. फळीत अडकली नसती, थेट तळमजल्यावरच्या वाण्याच्या पोत्यात गेली असती. अण्णा म्हणाले, वाण्याने उगीच नाही पुढच्या वर्षी गावाला माडी बांधली.

मग आम्ही जमिनीवरून मशीनं फिरवली, आणि तासाभराच्या मोजणीतून बनलेला माझा निकाल तिथे पालथा पडला.

फळ्या म्हणजे खिळे. प्रत्येक तुळईवर, प्रत्येक फळीला दोन, शंभरेक वर्षांत ठोकलेले, पुन्हा ठोकलेले, वाकवून दाबलेले. घरच्याला लोखंड आणि बाकीचं यात फरकच कळत नाही. तो खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न थांबता डबा वाजवत राहिला. भाच्याने तो मुकाट्याने बंद केला. पिवळ्याला लोखंड टाळायला सांगितलं तर तो पूर्ण गप्प. केवढा सभ्यपणा, असं वाटलं. पण त्या मोठ्या कॉइलखाली एका वेळी सहा-सात खिळे येत होते आणि तो सगळ्यांना मिळून एकच उत्तर देत होता, ‘लोखंड, सोडा’. खिळ्याजवळ नाणं पडलेलं असलं तरी त्याच्या बारीक आवाजावर खिळ्यांचा आवाज स्वार होतो. लोखंड टाळण्याची ही किंमत. खिळ्याची सावली नाण्यावर पडते आणि मशीन मान फिरवतं.

मी राणीछाप रुपया दोन खिळ्यांच्या मध्ये लिनोलियमवर उघडा ठेवून बघितला. डोळ्यांना चकचकीत दिसतोय, ३६ सेंटिमीटरचा विजेता वरून सरळ जातोय आणि बीप नाही.

काळ्याची कॉइल लहान आणि तिची नजर मधोमध एका अरुंद पट्टीपुरती. एका खिळ्यावरून सुटला की तो पुढच्यासाठी लगेच मोकळा होतो. रुपया त्याने खिळ्यांतून वेचून काढला. पुढे मोरीच्या उंबऱ्याजवळ, जिथे रुपया नव्हता, तिथेही एक सूर निघाला. उत्तर-दक्षिण फिरवलं की नाही, पूर्व-पश्चिम फिरवलं की आहे. ७१, ७३, ७१. मी दहा वेळा फिरवलं. पुन्हा मोज, पुन्हा मोज.

लिनोलियमचा कोपरा उचलला. खालची फळी सैलच होती, आजीला ती करकरते म्हणून आवडत नसे. पहार नव्हती, काकूंनी उलथनं दिलं. फळी बोटभर वर आली आणि धूळ, कोळ्याची जळमटं, पेन्सिलीचा तुकडा, केसांचे आकडे, आणि तुळईच्या अंगावर आडवा पडलेला भोकाचा पैसा. १९४५. युद्धात धातू वाचवायला काढलेला, मध्ये मोठं भोक असलेला, ब्रॉन्झचा. भोक असून ७१ कसे, असं भाच्याने विचारलं. प्रवाह काठाकाठानेच धावतो, मधला धातू असला काय नसला काय. भोक चालतं, चीर चालत नाही.

काकूंनी तो करंगळीत घालून बघितला. अंगठीपेक्षा जास्त गुण मिळवणारी वस्तू त्यांना जवळून बघायची होती.

“हा कुणाचा?” अण्णांनी मुद्द्याचं विचारलं. १८७८ चा एक कायदा आहे, गुप्तधनाचा, इंग्रजांनी केलेला. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये, तेव्हाचे. आमचा ऐवज एक पैसा, दर्शनी किमतीने रुपयाचा चौसष्टावा भाग. सहाव्या घाताच्या हिशेबातलाच आकडा पुन्हा आला म्हणून मला हसू आलं, ते कुणाला सांगत बसलो नाही. जुन्या नाणेवाल्याकडे त्याचे दहा रुपये येतील की बारा यावर कलेक्टरांना त्रास द्यायचा की नाही हे ठरणार होतं. शिवाय तुळई जमिनीत धरायची का? ती घरमालकाची. फळ्या आमच्या, म्हणजे चुलत भावाच्या पावतीवरच्या. तुळईची खालची बाजू म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचं छत. महिनाअखेरीनंतर तर सगळंच बिल्डरचं.

अण्णा काहीतरी बोलणार होते तेवढ्यात खालून आवाज आला.

“अहो, वर कोण आहे? चहात माती पडतेय!”

काकूंनी गॅलरीतून वाकून, फळी परत बसवतोय, काही नाही, एक पैसा सापडला, असं ओरडून सांगितलं. खालच्या वहिनी म्हणाल्या, मग आमचा असेल, पोरं पूर्वी भोकातून दोरा ओवून वर टांगायची.

भाच्याने वही उघडून ओळ आखली होती. मी सांगितलं तसं त्याने लिहिलं: भोकाचा पैसा, मोरीचा उंबरा, दोन खिळ्यांमध्ये. खोली साडेचार सेंटिमीटर. पिवळा, नाही. काळा, एका दिशेने हो. घरचा, सगळीकडे हो.